पाळीचं चक्र नक्की चालतं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळीबद्दल जे प्रश्न येतात ते बहुतेक ब्लीडिंगचेच असतात, किती दिवस जायला पाहिजे, का दुखतं, उशीर का झाला वगैरे. पण या चक्रातली मुख्य घटना ब्लीडिंग नाहीये, ती मध्येच कधीतरी गुपचूप होऊन जाते, ती म्हणजे ओव्ह्युलेशन, अंडाशयातून बीजांड बाहेर पडणं. तारीख का हलली, छाती का जड झाली, मूड का गेला, दिवस राहण्याची शक्यता कधी होती, यातलं बरंचसं तिथपर्यंत जाऊन पोचतं. ते एकदा समजलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

चक्राचा पहिला दिवस कुठला धरायचा?

ज्या दिवशी नीट ब्लीडिंग सुरू होतं, पॅड लावावाच लागतो, तो पहिला दिवस. आदल्या दिवशी नुसता ब्राउन डाग लागला तर तो मोजायचा नाही. आणि मोजायचं ते या पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. खूप जणी पाळी संपल्यापासून मोजतात, मग पाच-सहा दिवस कमी भरतात आणि उगाच वाटतं की माझी लवकर येते. डॉक्टर "लास्ट डेट काय" विचारतात तेव्हा त्यांना पहिला दिवसच हवा असतो, संपल्याचा नाही.

दर २८ दिवसांनी येत नाही, म्हणजे काहीतरी बिघडलंय का?

नाही. २८ हा सरासरीच्या जवळचा सोयीचा आकडा आहे, बरोब्बर २८ व्या दिवशी दर वेळी येणाऱ्या बायका खूप कमी. स्त्रीरोगतज्ज्ञांची फिगो नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, त्यांच्या व्याख्येत २४ ते ३८ दिवसांचं चक्र नॉर्मल धरलंय आणि ब्लीडिंग ८ दिवसांपर्यंत. एकीचं कायम २५ आणि दुसरीचं कायम ३४, दोघी ठीकच. एकाच बाईचं चक्रही एका महिन्यात २७ आणि पुढच्या महिन्यात ३१ होतं, आठवडाभराच्या आतबाहेरचा फरक चालतो. लक्ष द्यायचं ते तुमचा स्वतःचा पॅटर्न बदलला तर, म्हणजे वर्षानुवर्षं २९-३० वर येणारी पाळी आता अचानक ४५-५० वर जायला लागली तर.

महिनाभर आत काय काय चालू असतं, सोप्या भाषेत सांगा ना?

तीन ठिकाणी एकाच वेळी काम चालू असतं, मेंदूत, अंडाशयात आणि गर्भाशयात, आणि तिघांचं आपसात बोलणं हार्मोन्समधून होतं.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो जीएनआरएच हे हार्मोन थोड्या थोड्या वेळाने, लाटांसारखं सोडतो. सलग सोडलं तर उलट सगळं बंद पडतं, त्यामुळे ही थांबून थांबून सोडायची लय फार महत्त्वाची. त्यामुळे खालची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन्स रक्तात सोडते. पाळी चालू असतानाच एफएसएच थोडं वाढतं आणि अंडाशयातली काही फॉलिकल्स, म्हणजे बीजांड आत असलेल्या पाण्याच्या बारीक पिशव्या, वाढायला लागतात. म्हणजे ब्लीडिंग पूर्ण थांबलेलं पण नसतं आणि पुढच्या बीजांडाची तयारी सुरू झालेली असते.

वाढणारी फॉलिकल्स इस्ट्रोजेन बनवतात. त्याने गर्भाशयाचं आतलं अस्तर परत जाड व्हायला लागतं. एरवी इस्ट्रोजेन वाढलं की मेंदू एफएसएच कमी करतो, पण इस्ट्रोजेन खूप वर जाऊन साधारण दोन दिवस वरच राहिलं की मेंदू उलटा वागतो आणि एलएचचा एकदम मोठा लोट सोडतो. मला स्वतःला सगळ्या चक्रातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते, कारण बीजांड पिकलंय हे मेंदूला अंडाशयच कळवतं, मेंदू कॅलेंडर बघून काही करत नाही. एलएचचा लोट सुरू झाल्यावर साधारण ३६ तासांत फॉलिकल फुटतं आणि बीजांड बाहेर येतं. हेच ओव्ह्युलेशन.

फुटलेलं फॉलिकल वाया जात नाही. त्याचं कॉर्पस ल्युटियम नावाच्या पिवळसर गाठीत रूपांतर होतं आणि ती प्रोजेस्टेरॉन बनवते. प्रोजेस्टेरॉन अस्तर अजून जाड करत बसत नाही, ते त्याला गर्भ रुजण्याजोगं बनवतं, ग्रंथी भरतात, रक्तवाहिन्या वळणावळणाच्या होतात. या गाठीचं आयुष्य मात्र दोनच आठवड्यांचं. दिवस राहिले तर गर्भाकडून एचसीजी हार्मोन येतं आणि गाठ टिकते (प्रेग्नन्सी टेस्टमध्ये हेच एचसीजी तपासतात). नाही राहिले तर गाठ सुकते, प्रोजेस्टेरॉन कोसळतं आणि दोन-तीन दिवसांत पाळी येते.

इतकी फॉलिकल्स वाढायला लागतात मग बीजांड एकच का?

कारण त्यातलं एक पुढे जातं आणि जास्त इस्ट्रोजेन बनवायला लागतं, त्यामुळे मेंदू एफएसएच कमी करतो, आणि कमी एफएसएचवर तग धरायची ताकद त्या एकातच असते, बाकीची तिथेच सुकून जातात. पुढे गेलेलं ते फॉलिकल फुटायच्या आधी २० मिलिमीटरच्या आसपास झालेलं असतं, सोनोग्राफीत चक्क दिसतं. कधीकधी दोन फॉलिकल्स फुटतात, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची सुरुवात तिथे होते. आणि एक महिना डावं अंडाशय, एक महिना उजवं असं कडक पाळीपाळीने चालत नाही, लागोपाठ एकाच बाजूने पण होतं.

पाळी लांबली म्हणजे नक्की काय लांबलं?

बहुतेक वेळा पाळीच्या आधीचे दोन आठवडे लांबलेले नसतात, ओव्ह्युलेशनच उशिरा झालेलं असतं. १९२० च्या दशकात जपानमध्ये क्युसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियात हर्मन क्नाउस या दोन डॉक्टरांनी वेगवेगळं काम करून हेच दाखवलं, की ओव्ह्युलेशन मागच्या पाळीपासून न मोजता पुढच्या पाळीपासून उलटं मोजलं तर अंदाज बरा लागतो, साधारण १४ दिवस आधी. तिथेही दोन-तीन दिवस इकडेतिकडे होतात, पण पहिला भाग जितका ताणला जातो तितका दुसरा ताणला जात नाही. म्हणून २८ दिवसांच्या चक्रात ओव्ह्युलेशन १४ व्या दिवसाच्या आसपास आणि ३६ दिवसांच्या चक्रात २२ व्या दिवसाच्या आसपास. "चौदाव्या दिवशी ओव्ह्युलेशन" हे सगळ्यांना सरसकट सांगितलं जातं त्याने खूप गोंधळ होतो, मूल हवं असणाऱ्यांचा पण आणि नको असणाऱ्यांचा पण.

आता ताप आला, मोठं आजारपण आलं, प्रवास झाला, झोपेचं वेळापत्रक कोलमडलं, तर मेंदूतली जीएनआरएचची लय मंदावू शकते आणि फॉलिकल पिकायला वेळ लागतो. हे ओव्ह्युलेशनच्या आधी झालं तर पाळी पुढे जाते. ओव्ह्युलेशन होऊन गेल्यावर टेन्शन आलं तर पाळी सहसा तिच्या वेळेलाच येते, कारण काटा आधीच फिरलेला असतो. अर्थात संबंध आलेले असतील आणि पाळी चुकली असेल तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करायची, बाकीचा विचार नंतर.

ओव्ह्युलेशन झालं हे घरी कळतं का?

थोडंफार. आधीच्या काही दिवसांत योनीतला स्राव पातळ, पारदर्शक, अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा ताणला जाणारा होतो, तो इस्ट्रोजेनमुळे. काही जणींना एका बाजूला ओटीपोटात काही तास दुखतं. झाल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे सकाळचं अंथरुणातून उठायच्या आधीचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सियस वर जातं आणि पाळीपर्यंत वरच राहतं, पण ते झाल्यावर कळतं, आधी नाही. लघवीत बघायच्या किटमध्ये एलएचचा लोट दिसतो, म्हणजे पुढच्या दीडेक दिवसात होण्याची शक्यता. पीसीओएस (फॉलिकल्स वाढतात पण वेळेवर फुटत नाहीत असा हार्मोन्सचा त्रास) असेल तर एलएच मुळातच वर असू शकतं, मग किट उगाच पॉझिटिव्ह दाखवते. आणि ॲप फक्त मागच्या तारखांवरून अंदाज बांधतं, तुमच्या अंडाशयात या महिन्यात काय चाललंय हे त्याला माहीत नसतं. तारखा लिहून ठेवायला ॲप छान आहे, त्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नका.

रक्त येतंच का? अस्तर पुढच्या महिन्यासाठी ठेवून का देत नाही शरीर?

फार चांगला प्रश्न. बहुसंख्य सस्तन प्राण्यांना पाळी येतच नाही. माणूस, बरीचशी माकडं, काही वटवाघळं, एलिफंट श्रू आणि उंदराची एखादी काटेरी जात, एवढाच गट. (कुत्रीला जे ब्लीडिंग होतं ते वेगळं, ते ओव्ह्युलेशनच्या आधी होतं.) या गटात एक गोष्ट सारखी आहे. इतर प्राण्यांमध्ये गर्भ आल्यावर अस्तर बदलतं, आपल्यात प्रोजेस्टेरॉन आलं की गर्भाची वाट न बघताच अस्तराच्या पेशी कायमच्या बदलतात. अशा बदललेल्या पेशी परत पहिल्यासारख्या होत नाहीत, म्हणून गर्भ नसेल तर तो थर टाकून नवा करावा लागतो.

प्रोजेस्टेरॉन खाली आलं की अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, वळणावळणाच्या रक्तवाहिन्या आवळतात, वरच्या थराला रक्त मिळत नाही आणि तो सुटतो. खालचा पातळ थर शाबूत राहतो आणि त्यातूनच नवं अस्तर उगवतं. दर महिन्याला एवढी जखम होते आणि ती ब्लीडिंग चालू असतानाच भरायला लागते, तीसुद्धा व्रण न ठेवता, शरीरात दुसरीकडे असं सहज होत नाही.

पाळीचं रक्त खराब असतं का?

नाही. शिरांमधून वाहतं तेच रक्त, त्यात गर्भाशयाचं अस्तर आणि स्राव मिसळलेला. त्यात शरीरातली घाण किंवा विषारी काही बाहेर पडत नाही, ते काम यकृत आणि किडनीचं. म्हणून पाळी कमी गेली तर "आत साठून राहिलं" असंही होत नाही, त्या महिन्यात अस्तर पातळ होतं इतकंच. वास येतो तो बाहेर आल्यावर हवा आणि बॅक्टेरियामुळे. पण सडल्यासारखा वास, सोबत ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर इन्फेक्शन असू शकतं, ते दाखवायला पाहिजे.

किती ब्लीडिंग म्हणजे जास्त?

एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. पॅडवर जास्त दिसतं कारण त्यात निम्म्याच्या आसपास रक्त नसतंच, अस्तर आणि पातळ स्राव असतो. ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर जास्त अशी जुनी मोजणी आहे, पण घरी कोण मोजणार, त्यामुळे आता डॉक्टर असं विचारतात की रोजचं आयुष्य अडतंय का. दर तासाला पॅड भरतोय आणि असं लागोपाठ काही तास चाललंय, रात्री पॅड बदलायला उठावं लागतं, दोन पॅड एकत्र लावावे लागतात, आठ दिवसांच्या वर जातं, हे सगळं जास्तच.

आणि इथे मला जरा जोर देऊन सांगायचंय. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे महिन्याला ८०-१०० मिलिलिटर गेलं तर ४०-५० मिलिग्रॅम लोह गेलं, जेवणातून तेवढं भरून काढणं अवघड जातं. सुरुवातीला हिमोग्लोबिन नॉर्मल येतं पण साठा संपलेला असतो, तो फेरिटिनच्या टेस्टमध्ये दिसतो. थकवा, केस गळणं, जिना चढताना धाप लागणं हे बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात आणि कामाचा ताण म्हणून सोडून देतात. जास्त जात असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन पण करायला सांगा. फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), पॉलिप (अस्तरावरची छोटी वाढ), ॲडेनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं), थायरॉइड, रक्त गोठण्याचे आजार, अशी बरीच कारणं असतात आणि बहुतेकांवर उपचार आहेत, गर्भपिशवी काढणं हा पहिला उपाय नाही.

गाठी का पडतात? आणि रंग काळपट का?

गर्भाशयात रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारी एन्झाइम्स असतात म्हणून पाळीचं रक्त पातळ येतं. प्रवाह जोरात असला की त्यांना वेळ पुरत नाही आणि गाठी येतात, सकाळी उठल्या उठल्या तर हमखास. छोट्या गाठी ठीक, साधारण अडीच सेंटीमीटरच्या वरच्या वारंवार येत असतील तर दाखवा. ब्राउन किंवा काळपट रंग म्हणजे रक्त सावकाश बाहेर आलं, एवढंच.

पाळीत पोट का दुखतं, आणि गोळी घेतली तर काही वाईट होतं का?

मगाशी प्रोस्टाग्लँडिन आलं ना, तेच कारण. त्याने गर्भाशयाचे स्नायू जोरात आकुंचन पावतात, त्या वेळेपुरता त्यांचा स्वतःचा रक्तपुरवठा कमी होतो आणि दुखतं. ज्यांच्यात प्रोस्टाग्लँडिन जास्त तयार होतं त्यांना जास्त दुखतं, मनाचे खेळ किंवा नाजूकपणा असं काही नाही. तेच रसायन शेजारच्या आतड्यांवर पण परिणाम करतं म्हणून पहिल्या दिवशी काहींना जुलाब होतात, मळमळतं.

आयबुप्रोफेन, मेफेनामिक ॲसिड या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणंच कमी करतात. म्हणून दुखणं असह्य झाल्यावर घेण्यापेक्षा सुरू होता होताच, काहीतरी खाऊन घेतली तर चांगला फरक पडतो. "सहन कर, गोळ्यांची सवय लागते" हे सांगणं चुकीचं आहे, यांची सवय लागत नाही आणि महिन्यातून दोन-तीन दिवस घेतल्याने पुढे मूल व्हायला अडचण पण येत नाही. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील किंवा दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गरम पाण्याच्या पिशवीनेही खरंच आराम पडतो.

मग किती दुखलं तर दाखवायचं?

गोळी घेऊनही शाळा, कॉलेज, काम बुडतंय, दरवर्षी दुखणं वाढतंय, पाळी नसताना पण ओटीपोट दुखतं, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला आत खोलवर दुखतं, तर एंडोमेट्रिओसिसचा विचार करायला हवा. यात अस्तरासारखा टिश्यू गर्भाशयाच्या बाहेर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना हा आजार असतो, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही, तरी निदानाला वर्षं जातात कारण पाळीत दुखणारच म्हणून पहिल्यांदा घरचे गप्प करतात आणि मग कधीकधी दवाखान्यात पण तेच ऐकायला मिळतं. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही असं ठरत नाही. एका डॉक्टरने ऐकून घेतलं नाही तर दुसऱ्याकडे जा, प्लीज.

पाळीच्या आधी चिडचिड, रडू, छाती जड, हे खरंच हार्मोनमुळे का?

हो. त्रास ओव्ह्युलेशननंतर सुरू होऊन पाळी आल्यावर एक-दोन दिवसांत ओसरत असेल तर तो पीएमएस. गंमत म्हणजे अशा बायकांच्या रक्तात हार्मोन्स सहसा नॉर्मलच निघतात, फरक असतो तो त्यांच्या चढउताराला मेंदू कसा प्रतिसाद देतो यात, म्हणून टेस्ट नॉर्मल आली तरी त्रास खोटा ठरत नाही. थोड्या बायकांमध्ये हे इतकं तीव्र होतं की नाती, नोकरी सगळं हलतं, जगणं नकोसं वाटतं, त्याला पीएमडीडी म्हणतात आणि त्यावर चांगली औषधं आहेत. दोन-तीन महिने रोज मूड आणि तारीख लिहून ठेवा, निदान त्यावरूनच होतं. जीव द्यायचे विचार येत असतील तर मात्र नोंदीसाठी थांबू नका, त्याच दिवशी कोणाशी तरी बोला आणि डॉक्टर गाठा.

अंगावरून पांढरं जातं, ते काय?

चक्राबरोबर बदलणारा स्राव, बहुतेकदा नॉर्मल. ओव्ह्युलेशनच्या आधी पातळ आणि ताणणारा, नंतर घट्ट, पांढरट. त्याने हाडं झिजत नाहीत की शक्ती जात नाही. खाज, दह्यासारख्या कवड्या, हिरवट-पिवळा रंग, माशासारखा वास असं काही असेल तर तपासून घ्या. आतून साबण लावून धुऊ नका, योनी स्वतःला साफ ठेवते.

दिवस राहण्याची शक्यता कुठल्या दिवसांत असते? पाळीत संबंध आले तर राहत नाहीत ना?

बीजांड बाहेर आल्यावर फार तर एक दिवस टिकतं, पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे ओव्ह्युलेशनचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहा दिवस. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या २२१ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता त्यात नेमके हेच सहा दिवस निघाले, ओव्ह्युलेशन होऊन गेल्यावरच्या संबंधातून कोणालाच दिवस राहिले नाहीत. म्हणजे मूल हवं असेल तर ओव्ह्युलेशनच्या आधीचे दोन-तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे.

पाळीत शक्यता कमी असते पण शून्य नाही. समजा चक्र २३ दिवसांचं आहे, ओव्ह्युलेशन नवव्या दिवशी झालं, आणि संबंध पाचव्या दिवशी आले, तर शुक्राणू तोपर्यंत टिकू शकतात. मूल नको असेल तर पाळीवर भरवसा ठेवू नका.

पाळी येते म्हणजे ओव्ह्युलेशन होतंच ना?

नाही, आणि हे फार कमी जणींना माहीत असतं. ओव्ह्युलेशन न होता सुद्धा ब्लीडिंग होतं. नुसत्या इस्ट्रोजेनवर अस्तर वाढत राहतं, प्रोजेस्टेरॉन येतच नाही, मग ते कधीतरी आपोआप ढासळतं आणि अवेळी, कधी थेंब थेंब तर कधी धो धो, कितीही दिवस जातं. पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत आणि पाळी जायच्या आधीच्या काळात असं जास्त होतं. पीसीओएसमध्ये पण हेच मूळ आहे, फॉलिकल्स वाढायला लागतात पण एक पुढे जाऊन फुटत नाही, सोनोग्राफीत मण्यांसारखी दिसतात ती हीच अर्धवट राहिलेली फॉलिकल्स. पीसीओएस आहे म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, ओव्ह्युलेशन घडवून आणायची औषधं आहेत. पण तीन-तीन महिने पाळीच नाही आणि उपचार पण नाहीत हे चालू ठेवू नका, प्रोजेस्टेरॉनशिवाय वर्षानुवर्षं जाड होत राहिलेल्या अस्तरात पुढे कॅन्सरचा धोका वाढतो.

वजन कमी केल्यावर पाळी थांबली, असं का?

खाणं कमी आणि व्यायाम खूप झाला की मेंदूला समजतं की आत्ता गर्भ पोसायची ऐपत नाही आणि जीएनआरएचची लय मंदावते. वजन दिसायला नॉर्मल असतानाही होतं, खेळाडू मुलींमध्ये बऱ्यापैकी दिसतं. "बरं झालं, कटकट गेली" असं वाटतं पण इस्ट्रोजेन नसल्याने हाडं ठिसूळ होतात, तेही हाडं भरायच्या वयात. गोळीने ब्लीडिंग आणणं हा यावरचा उपाय नाही, खाणं वाढवणं आणि व्यायाम कमी करणं हा आहे.

गर्भनिरोधक गोळ्यांवर येते ती खरी पाळी का? आणि पाळी पुढे ढकलायची गोळी?

रोजच्या मिश्र गोळ्यांनी ओव्ह्युलेशनच थांबतं, त्यामुळे मधल्या सात दिवसांत येतं ते हार्मोन बंद केल्यामुळे होणारं ब्लीडिंग, खरी पाळी नाही. ते न आल्याने आत काही साठत नाही.

पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉनची गोळी म्हणजे बाहेरून दिलेलं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध. वर सांगितलं तसं प्रोजेस्टेरॉन पडलं की पाळी येते, ही गोळी ते पडूच देत नाही, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पाळीच्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते, आणि या पद्धतीने घेतली तर ती गर्भनिरोधक नाही. कधीतरी घ्यायला हरकत नसते पण आधी रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांनी, घरात तसा इतिहास असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता अजिबात घेऊ नये.

एकत्र राहणाऱ्या मुलींची पाळी एकत्र यायला लागते का? चंद्राचा संबंध?

१९७१ मध्ये मार्था मॅक्लिंटॉक यांनी हॉस्टेलमधल्या १३५ मुलींवरचा पेपर प्रसिद्ध केला तेव्हापासून ही समजूत पक्की झाली. नंतरच्या अभ्यासांत ती टिकली नाही. वेगवेगळ्या लांबीची चक्रं अधूनमधून एकावर एक येणारच आणि आपल्याला तेवढंच लक्षात राहतं. चंद्राचंही तसंच.

मुलीची पाळी कितव्या वर्षी यायला पाहिजे?

बहुतेक मुलींना १२-१३ च्या आसपास, छातीची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी. १३ पर्यंत छातीची वाढच नाही किंवा १५ पर्यंत पाळी नाही, तर दाखवायचं. पहिली दोनेक वर्षं ४५ दिवसांपर्यंत लांबणं चालतं. पण पहिल्या पाळीपासूनच खूप रक्त जात असेल तर "बसेल घडी" म्हणून थांबू नका, रक्त गोठण्याचा आजार काही मुलींमध्ये असाच पहिल्यांदा कळतो. आणि तिला हे सगळं पाळी यायच्या आधी सांगा, आली की मग घाबरलेल्या मुलीच्या डोक्यात काही शिरत नाही.

बाळ दूध पितंय आणि पाळी नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत?

बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध आणि पाळी परत आलेली नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर शक्यता खूपच कमी. त्यातली एक जरी सुटली तरी नाही. कारण पुन्हा तेच, ओव्ह्युलेशन आधी होतं आणि पाळी नंतर, त्यामुळे पाळी एकदाही न येता दिवस राहू शकतात.

बीजांडं संपली की पाळी जाते का? मग जास्त वेळा दिवस राहिले तर पाळी उशिरा जाईल?

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असताना तिच्या अंडाशयात ६०-७० लाख बीजांडं असतात, जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, पाळी सुरू होताना ३-४ लाख. त्यातली जेमतेम ४००-५०० ओव्ह्युलेशनने बाहेर पडतात. बाकीची आपोआप सुकतात, रोज, गरोदरपणात आणि गोळ्या चालू असतानाही. म्हणून ओव्ह्युलेशन थांबवून साठा फारसा वाचत नाही. सिगरेटने मात्र पाळी एक-दोन वर्षं लवकर जाते.

पाळी जायच्या आधीची काही वर्षं फार गोंधळाची असतात, आधी चक्र जवळ जवळ येतात, मग लांब लांब जातात, गरम वाफा येतात, झोप उडते. याच काळात "आता काय राहतंय" म्हणून काळजी घेणं सोडलं जातं आणि दिवस राहतात, कारण अधूनमधून ओव्ह्युलेशन चालूच असतं. सलग १२ महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं म्हणायचं, बहुतेकींची ४५ ते ५५ मध्ये जाते. ४० च्या आत गेली तर तपासणी हवीच.

पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि परत थोडंसं लाल दिसलं, पाळी परत आली का?

नाही, ती पाळी नाही. एक थेंब असला तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. दहातल्या नऊ जणींमध्ये कारण साधं निघतं, अस्तर पातळ होऊन कोरडं पडलेलं असतं किंवा एखादा पॉलिप असतो. उरलेल्या एकीच्या आसपास गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, आणि तो लवकर सापडला तर बरा व्हायची शक्यता खूप चांगली असते. आतून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटरपर्यंत असेल तर धोका फार कमी, त्याच्या वर असेल किंवा ब्लीडिंग परत झालं तर अस्तराचा छोटा तुकडा घेऊन तपासतात, बरेचदा भूल न देताच.